नर्तकश्रेष्ठ फ्रेड अस्टेअर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नेब्रास्का नावाचे एक राज्य आहे. त्या राज्यात मिसुरी नदीच्या काठी ओमाहा हे शहर वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरांचा मोठा बाजार आणि आगगाड्यांचे जंक्शन म्हणून या शहराची ख्याती होती. नृत्यनाट्यासाठी त्याचे नाव कोणी घेत नसे. ऑस्ट्रिया देश सोडून आलेले फ्रेडरिक ऑस्टरलिट्झ नावाचे एक गृहस्थ तेथे बिअर तयार करण्याच्या कारखान्यात नोकरी करीत असत. त्यांना दोन अपत्ये होती. थोरली मुलगी ॲडेल १८९६ साली जन्मली आणि धाकटा मुलगा फ्रेडरिक १८९९ सालच्या मे महिन्याच्या १० तारखेस. हा धाकटा मुलगाच पुढे फ्रेड अस्टेअर या नावाने जगभर ओळखला जाऊ लागला.

नृत्याचे वेड प्रथम लागले ते ॲडेलला. ती लहानपणापासून इतकी सुरेख नाचे की पाहणारा थक्क होऊन जाई. तिला नृत्यशाळेत पोहोचवावयास आई जाई, तेव्हा लहानगा फ्रेडही बरोबर असे. एके दिवशी कोपऱ्यात पडलेले नृत्याचे जोडे त्याने सहज पायांत चढविले आणि तो चवड्यांवर उभा राहून चालू लागला, असे सांगतात.

मुलीचे गुण पाहून आईवडिलांनी एक धाडसाचा निर्णय घेतला. १९०५ सालच्या जानेवारीत आई दोन्ही मुलांना घेऊन आगगाडीने न्यूयॉर्क शहरी निघाली. ॲडेल तेव्हा आठ वर्षांची होती आणि फ्रेड अवघा पाच वर्षांचा. वडील मात्र ओमाहातच राहिले, कारण मुलांच्या शिक्षणासाठी दर महिन्यास पैसे पाठविणारे कोणीतरी हवे होते. अनोळखी शहर, ओळखीचे माणूस नाही आणि पदरी दोन लहान मुले, अशा स्थितीत त्या माउलीने न्यूयॉर्कमध्ये बिऱ्हाड थाटले व मुलांना नृत्यनाट्याच्या शाळेत घातले. ऑस्टरलिट्झ हे आडनाव रंगभूमीसाठी फार जड वाटे, म्हणून ते बदलून अस्टेअर असे सुटसुटीत नाव घेण्यात आले.

त्या काळी अमेरिकेत व्हॉडव्हिल नावाचा करमणुकीचा एक प्रकार फार लोकप्रिय होता. एकाच तिकिटात गाणी, नकला, जादूचे प्रयोग, कसरती आणि नाच असे सर्व काही पाहावयास मिळे. या भावंडांचा पहिला खेळ १९०५ सालीच झाला. रंगमंचावर लग्नात कापतात तसल्या केकच्या आकाराचे दोन भले मोठे मनोरे उभे केलेले असत. त्यांवर विजेचे दिवे व घंटा बसविलेल्या होत्या. ॲडेल नवरी होई, फ्रेड नवरदेव होई, आणि दोघेही चवड्यांवर नाचता नाचता त्या घंटा पायांनी वाजवीत. उंच काळी टोपी आणि मागे शेपटासारखी टोके लोंबणारा काळा कोट, हा पुढे फ्रेडची ओळख बनलेला पोशाख त्याने तेव्हाच प्रथम अंगावर चढविला. काही वर्षे त्यांनी गावोगाव असे खेळ केले. पुढे ॲडेल झपाट्याने उंच झाली आणि नवरीपुढे नवरदेव ठेंगणा दिसू लागला! तेव्हा आईने खेळ थांबविले. फ्रेडची उंची वाढेपर्यंत दोन वर्षे मुले शाळेत गेली.

१९१७ साली ही भावंडे न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे भागातील मोठ्या रंगभूमीवर उतरली. १९२३ साली त्यांनी लंडन शहर गाजविले. १९२४ साली जॉर्ज गर्श्विन या प्रख्यात संगीतकाराने संगीत दिलेल्या ‘लेडी, बी गुड’ या नाटकाने त्यांची कीर्ती दोन्ही खंडांत पसरली. परंतु या कीर्तीचा मोठा वाटा ॲडेलकडे जाई. ती रंगमंचावर आली की प्रेक्षकांची नजर तिजवरून हलत नसे. भाऊ तिला साथ देणारा म्हणून ओळखला जाई, आणि त्याचीही त्याविषयी तक्रार नव्हती.

दोघांच्या स्वभावांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर होते. ॲडेल आनंदी आणि निष्काळजी होती. पडदा उघडण्यास थोडा वेळ उरला असता ती नाट्यगृहात येई आणि हसतखेळत नाचून जाई. फ्रेड कितीतरी आधी येऊन एकटाच सराव करीत बसलेला असे. एखादे पाऊल किंचित चुकले तर त्याला रात्रभर चैन पडत नसे. बहिणीने त्याला रडक्या स्वभावाचे म्हणून एक थट्टेचे नावही ठेवले होते. नाच बसविण्याचे, तो पुन्हा पुन्हा घासून पुसून घेण्याचे काम हळूहळू फ्रेडकडे आले. प्रेक्षकांस ॲडेल दिसे, पण तिच्या नाचामागची आखणी आता पुष्कळ अंशी भावाची असे.

१९३२ साली ॲडेलने लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश या इंग्रज सरदारपुत्राशी विवाह केला आणि रंगभूमीचा कायमचा निरोप घेतला. सत्तावीस वर्षांची जोडी फुटली. फ्रेडचे वय तेव्हा ३३ वर्षांचे होत होते, आणि बालपणापासून तो बहिणीच्या जोडीनेच रंगभूमीवर वावरत आला होता. त्याच वर्षी ‘गे डिव्होर्स’ या नाटकात बहिणीवाचून तो प्रथमच उभा राहिला. नाटक पुष्कळ दिवस चालले. परंतु दोन अस्टेअर पाहण्याची सवय झालेल्या टीकाकारांस एक अस्टेअर अपुरा वाटला, आणि काहींनी तसे उघड लिहिलेही. ज्या माणसास आपल्या प्रत्येक पावलाविषयी शंका येई, त्याला हे वाचून काय वाटले असेल याची कल्पना करता येईल.

नाटक सोडून बोलपटांत जावे असे त्याने ठरविले. त्याची चाचणी पाहून निर्माता डेव्हिड सेल्झनिक याने आपल्या टिपणात त्याचे मोठे कान आणि हनुवटीची ठेवण यांविषयी नापसंती नोंदविली. तरीही या माणसाच्या ठिकाणी काही विलक्षण मोहिनी आहे, हे त्याला कबूल करावेच लागले. फ्रेडचे केसही विरळ होऊ लागले होते. शरीराने तो सडपातळ होता. रूपवान नायकाची तेव्हा जी कल्पना होती, तीत तो कोठेच बसत नव्हता. १९३३ सालच्या जुलैत फिलिस पॉटर या तरुणीशी त्याचा विवाह झाला आणि नवी नवरी घेऊन तो कॅलिफोर्नियातील हॉलिवूड येथे दाखल झाला.

त्याच वर्षी निघालेल्या ‘फ्लाइंग डाउन टु रिओ’ या बोलपटात नटनटींच्या यादीत त्याचे नाव पाचवे होते. चौथे नाव जिंजर रॉजर्स या तरुण नटीचे होते. या दोघांचा चित्रपटात एकच मोठा नाच होता. पण लोक चित्रपटाचे नायक-नायिका विसरले आणि या दोघांना पुन्हा पाहावयास मागू लागले. फ्रेडला हे फारसे रुचले नाही. एका जोडीतून तो नुकता बाहेर पडला होता. पुन्हा जोडीचा अर्धा भाग होऊन राहण्याची त्याची इच्छा नव्हती. तथापि लोकांच्या आग्रहापुढे त्याचे काही चालले नाही, आणि १९३९ सालापर्यंत दोघांनी मिळून नऊ चित्रपट केले. त्यांतील १९३५ सालचा ‘टॉप हॅट’ आणि १९३६ सालचा ‘स्विंग टाइम’ हे आजही जगभर आवडीने पाहिले जातात.

फ्रेड ज्या नृत्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे, त्याला टॅप असे म्हणतात. या नृत्यात बुटांच्या तळाला पुढे व टाचेखाली धातूच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. जमिनीवर पाऊल आपटले, घासले किंवा टेकले की निरनिराळे नाद निघतात. आपल्याकडील कथक नृत्यात नर्तकाचे घुंगरू बांधलेले पाय तबल्याशी जसे बोलतात, तसेच काहीसे हे आहे. मात्र कथकाचा नर्तक अनवाणी नाचतो आणि टॅपचा नर्तक बूट घालून. फ्रेडचे वैशिष्ट्य असे की त्याचे पाय विजेच्या वेगाने चालत असले तरी खांदे, हात आणि चेहरा यांवर श्रमाची एकही रेषा उमटत नसे. जणू तो रस्त्याने सहज फिरावयास निघाला आहे आणि चालता चालता त्याच्या पायांस गाणे सुचले आहे!

त्यापूर्वीच्या चित्रपटांत नाच दाखविण्याची रीत निराळी होती. कधी नुसते पाय दाखवीत, कधी चेहरा, मध्येच टाळ्या वाजविणारे लोक. तर कधी उंचावरून शेकडो मुलींच्या रांगांची फुलासारखी नक्षी दाखवीत. नाच किती खरा आणि किती तुकडे जोडून केलेला, हे कळावयास मार्गच नसे. फ्रेडने आग्रह धरला की नर्तक डोक्यापासून पायापर्यंत सतत दिसला पाहिजे आणि शक्य तो संपूर्ण नाच एकसलग टिपला गेला पाहिजे. यात मोठी जोखीम होती. नाच तीन मिनिटांचा असेल आणि शेवटच्या क्षणी पाय अडखळला, तर सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागे. तरीही त्याने हा हट्ट कधी सोडला नाही. गाणे आणि नाच यांनी कथा पुढे न्यावी, हाही त्याचा आग्रह होता.

यासाठी तो चित्रण सुरू होण्यापूर्वी कित्येक आठवडे सराव करी. हर्मीस पॅन नावाचा नृत्यदिग्दर्शक त्याचा सोबती असे. दोघे मिळून एकेक पाऊल शोधून काढीत, त्या वेळी जिंजरच्या जागी पॅन नाचे आणि मग तो तिला तो नाच शिकवी. चित्रणाच्या वेळी नाच पुरा झाला तरी काम संपत नसे. नंतर ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पडद्यावर चित्र पाहत पाहत पावलांचे आवाज तंतोतंत जुळवून पुन्हा काढावे लागत.

जिंजर रॉजर्सच्या कष्टांची आठवण येथे ठेवलीच पाहिजे. जोडीतील फ्रेडचेच कौतुक अधिक होते, हे न्यायाचे नाही. उंच टाचांचे जोडे घालून आणि घोळदार झगा सावरीत तिला त्याच्या बरोबरीने नाचावे लागे. ‘स्विंग टाइम’मधील अखेरच्या नाचाचे चित्रण एकदा सुरू झाले, ते काही केल्या मनासारखे होईना. कधी दिवा बिघडे, कधी कॅमेरा, कधी पाऊल. रात्र चढत गेली. शेवटी ४७ व्या खेपेस तो नाच साधला, तेव्हा जिंजरच्या पायांतून रक्त वाहत होते आणि तिचे जोडे लाल झाले होते. पडद्यावर मात्र दोन पिसे वाऱ्यावर तरंगावीत तशी ती दोघे दिसतात.

पिसांवरून आणखी एक गोष्ट आठवते. ‘टॉप हॅट’मधील एका नाचासाठी जिंजरने पिसांचा झगा निवडला. नाच सुरू होताच पिसे गळू लागली. ती फ्रेडच्या काळ्या कोटास चिकटत, डोळ्यांत जात, हवेत उडत. तो फार संतापला. परंतु झगा बदलावयास जिंजर तयार होईना. शेवटी शिवणकाम करणाऱ्यांनी रात्रभर बसून एकेक पीस पक्के केले, तरी चित्रपटात बारकाईने पाहिले तर काही पिसे गळताना दिसतातच. नाच सुंदर झाला. मग फ्रेडने राग विसरून तिला सोन्याचे एक लहानसे पीस भेट दिले आणि पुढे थट्टेने तो तिला पिसांच्याच नावाने हाक मारू लागला. १९४० सालच्या ‘किटी फॉइल’ या चित्रपटातील अभिनयासाठी जिंजरला ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्या चित्रपटात फ्रेड नव्हता.

टॅप नृत्य फ्रेडने जन्माला घातले नाही. आफ्रिकेतून गुलाम म्हणून पकडून आणलेल्या लोकांचे ताल आणि आयर्लंड व इंग्लंडमधून आलेल्या गरीब लोकांचे लाकडी जोड्यांचे नाच यांच्या मिश्रणातून ते अमेरिकेत हळूहळू घडले. फ्रेडच्या काळी बिल रॉबिन्सन आणि जॉन बबल्स हे कृष्णवर्णीय नर्तक या कलेत अग्रगण्य होते. बबल्सकडून फ्रेडने धडे घेतले होते आणि रॉबिन्सनविषयी त्याला आदर वाटे. परंतु चामडीच्या रंगामुळे हॉलिवूडचे दरवाजे या गुणी माणसांना पुरते कधीच उघडले नाहीत. रॉबिन्सनसारख्या नर्तकास नोकरचाकरांची कामे करावी लागत. ‘स्विंग टाइम’मध्ये फ्रेडने त्याच्या सन्मानार्थ एक नाच केला आणि त्यात आपल्याच तीन प्रचंड सावल्यांबरोबर नाचण्याची अपूर्व कल्पना योजली, पण त्यासाठी त्याने आपले तोंड काळे रंगविले होते. त्या काळी अशी रीत होती. कृष्णवर्णीय लोकांस ती अपमानकारक होती, आणि आज तो नाच पाहणाऱ्यास कौतुकाबरोबर खेदही वाटल्यावाचून राहत नाही.

१९३९ नंतर जिंजर व फ्रेड यांच्या वाटा निराळ्या झाल्या. दहा वर्षांनी आणखी एक चित्रपट तेवढा त्यांनी एकत्र केला. फ्रेड एलिनॉर पॉवेल, रीटा हेवर्थ, जूडी गार्लंड, सिड चॅरिस अशा अनेक निपुण नर्तकींबरोबर नाचला. १९४६ साली आता आपले वय झाले असे वाटून त्याने निवृत्ती जाहीर केली. त्याला घोड्यांच्या शर्यतींचा भारी नाद होता, आणि त्याच वर्षी त्याच्या ट्रिप्लिकेट नावाच्या घोड्याने एक मोठी शर्यत जिंकली होती. १९४७ साली त्याने नृत्य शिकविणाऱ्या शाळाही काढल्या. पण त्याच वर्षी जीन केली या दुसऱ्या थोर नर्तकाचा घोटा मोडला. ‘ईस्टर परेड’ हा चित्रपट अडून बसला आणि केलीच्याच जागी फ्रेडला परत यावे लागले. तो परतला तो पुढे वीस वर्षे नाचत राहिला.

१९५१ सालच्या ‘रॉयल वेडिंग’ या चित्रपटातील एक नाच मुलांनी अवश्य पाहावा. त्यात फ्रेड आपल्या खोलीत नाचू लागतो, नाचता नाचता भिंतीवर चढतो, तेथून छतावर जातो आणि छतावर उलटा नाचून दुसऱ्या भिंतीने खाली उतरतो! हे साधले कसे? ती संपूर्ण खोली एका फिरत्या पिंपासारख्या सांगाड्यात बांधली होती. टेबलखुर्च्या, दिवा, चित्रे असे सारे सामान जागच्या जागी पक्के बसविले होते. कॅमेरा आणि तो चालविणारा माणूसही खोलीलाच जखडलेले होते. खोली हळूहळू फिरे, तशी भिंत खाली येई, मग छत खाली येई, आणि फ्रेड प्रत्येक वेळी जो भाग तळाशी असेल त्यावर सरळ उभा राहून नाचे. कॅमेरा खोलीबरोबर फिरत असल्याने खोली स्थिर आणि माणूसच उलटा झालेला दिसे. युक्ती यंत्राची खरी. परंतु पायांखालची जमीन सरकत असता एकाही पावलाचा ताल चुकू न देणे, हे काम त्याचेच. तेव्हा तो पन्नाशी ओलांडलेला होता. याच चित्रपटात टोप्या अडकविण्याच्या खुंटाळ्यासारख्या एका लाकडी खांबाबरोबर तो असा नाचला आहे की त्या खांबात जीव आहे असे वाटावे.

तो गातही असे. आवाज बारीक आणि साधा होता. तरी अर्व्हिंग बर्लिन, कोल पोर्टर, जेरोम कर्न, गर्श्विन बंधू अशा नामांकित मंडळींना आपली गाणी त्यानेच गावी असे वाटे, कारण तो प्रत्येक शब्द स्पष्ट उच्चारी आणि लयीचा अचूक मान राखी.

१९५४ सालच्या सप्टेंबरात त्याच्यावर मोठा आघात झाला. त्याची पत्नी फिलिस वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी कर्करोगाने मरण पावली. ‘डॅडी लाँग लेग्ज’ या चित्रपटाचे काम तेव्हा चालू व्हावयाचे होते. चित्रपट आनंदी होता आणि त्यात त्याला हसतमुखाने नाचावयाचे होते. हे काम आपल्याच्याने होणार नाही म्हणून तो ते सोडावयास निघाला. आजवर झालेला खर्च आपल्या खिशातून भरून देण्याचीही त्याने तयारी दाखविली. पण थोड्याच दिवसांत तो कामावर परतला. मधल्या सुटीत तो आपल्या खोलीत एकटा बसून अश्रू ढाळी आणि बोलावणे येताच पुन्हा उभा राहून नाचू लागे. तो चित्रपट १९५५ साली प्रदर्शित झाला. पडद्यावर या दुःखाची खूण कोठेही सापडत नाही.

१९५८ साली दूरचित्रवाणीवर त्याने केलेल्या नृत्याच्या कार्यक्रमास नऊ एमी पारितोषिके मिळाली. पुढे त्याने नाच नसलेल्या भूमिकाही केल्या, आणि १९७४ सालच्या ‘द टॉवरिंग इन्फर्नो’साठी ऑस्कर पारितोषिकाकरिता त्याचे नाव सुचविले गेले. जॉर्ज बॅलँचिनसारखे बॅले नृत्याचे आचार्य त्यास आपल्या काळचा सर्वांत कल्पक नर्तक मानीत. तो स्वतः मात्र आपल्या नाचांविषयी फारसे बोलत नसे. वयाच्या ७८ व्या वर्षी चाकांच्या फळीवर उभे राहून घसरण्याचा खेळ खेळताना त्याने आपले मनगट मोडून घेतले, यावरून त्याचे पाय म्हातारपणीही स्वस्थ बसत नसत असे दिसते!

ॲडेल १९८१ साली वारली. फ्रेडने १९८७ सालच्या जून महिन्याच्या २२ तारखेस लॉस एंजेलिस येथे न्यूमोनियाच्या आजाराने देह ठेवला. आपल्या चरित्रावर चित्रपट काढू नये, अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवली होती. कॅलिफोर्नियातील चॅट्सवर्थ येथे त्याची समाधी आहे. १९९५ साली जिंजर रॉजर्स वारली, तेव्हा तिलाही त्याच स्मशानभूमीत चिरविश्रांती मिळाली.